वेशीपाशी थांबलेला पैसा

१९६२ साली महाराष्ट्रात तीन महिन्यांच्या अंतराने दोन संस्था कामाला लागल्या. १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि १ ऑगस्ट रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. राज्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. खेड्यातली शाळा, रस्ता, दवाखाना आणि पिण्याची विहीर जिल्हा परिषदेकडे आली. कारखान्यांसाठी जमीन, रस्ते आणि पाणी पुरवण्याचे काम एमआयडीसीकडे गेले. दोन्ही संस्थांमागे मोठा विचार होता. एकीने सत्ता गावापर्यंत न्यायची होती, दुसरीने मुंबईत दाटलेले उद्योग राज्यभर पसरवायचे होते.

पुण्याच्या वायव्येला आणि उत्तरेला, पवना, इंद्रायणी आणि भामा यांच्या खोऱ्यांत, या दोन संस्थांची एकाच शिवारात गाठ पडली. पुढच्या साठ वर्षांत पिंपरी ते चाकण हा पट्टा देशातल्या वाहन उद्योगाचे मोठे केंद्र झाला. ज्या गावांनी त्यासाठी जमीन दिली, त्यांच्या घरात पाणी कधी आले, ते कोणाच्या पैशाने आले आणि वापरलेले पाणी पुढे कुठे गेले, याचा इतिहास मात्र कारखान्यांच्या इतिहासाइतका सांगितला जात नाही. तो पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पाण्याचा आणि गटाराचा पैसा गावाची गरज पाहून आला नाही. गाव सरकारदप्तरी ग्रामपंचायत आहे, नगरपालिका आहे की महापालिका, हे पाहून तो आला.

एक आणा

गावच्या पाण्यासाठी सरकारी पैसा ही कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८६३ पासून लोकल फंड गोळा होऊ लागला आणि १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्यातले दोन भाग रस्ता फंडात आणि एक भाग शाळा फंडात टाकायचा, असा हिशेब होता. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये या फंडाचे उद्देश दिले आहेत. त्यांत ग्रामीण शिक्षण, रस्ते, धर्मशाळा आणि दवाखाने यांच्याबरोबर पाणी आणि गटारे यांचाही उल्लेख आहे. म्हणजे गटार हा विषय खेड्यांच्या यादीत तेव्हापासूनच होता. त्याच्यासाठी वेगळा भाग मात्र काढलेला नव्हता. रस्ता फंडातून जे उरेल त्यात विहीर, आणि विहिरीतून उरेल त्यात गटार, असा तो क्रम होता.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लोकल फंडाच्या नावाखाली शेतकऱ्यावर पडणाऱ्या बोज्याचा समाचार घेतला आहे. पैसा गावातून जातो आणि गावात परत येत नाही, ही तक्रार या पट्ट्यात आजही त्याच जोराने ऐकू येते. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली. कारभार तरीही बराच काळ जिल्हाधिकाऱ्याच्या हातात राहिला.

सरकारी पैशाने बांधलेल्या पाणवठ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही याच व्यवस्थेतून उभा राहिला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या वा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असे त्या ठरावाने सांगितले. ठराव कागदावरच राहतो हे पाहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पैशाच्या पाण्यावर प्रत्येकाचा सारखा हक्क आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने तिथे शिकून घेतले. पुढचा सगळा इतिहास या तत्त्वाच्या कसोटीवर तपासायला हवा.

स्वातंत्र्यानंतर १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला. घरपट्टी, दिवाबत्ती, सामान्य आणि विशेष पाणीपट्टी ही पंचायतीच्या उत्पन्नाची साधने ठरली. याच कायद्यात जिल्हा ग्रामविकास निधीची तरतूद आहे. प्रत्येक पंचायतीने आपल्या उत्पन्नाचा छोटा हिस्सा तिथे भरायचा आणि मोठे काम काढायचे असेल तेव्हा तिथून कर्ज घ्यायचे. कल्पना चांगली होती, पण भरणारे सगळेच गरीब असतील तर पेटीत किती जमणार? मोठ्या नळयोजनेसाठी पंचायतीला वरच्या अनुदानाकडेच पाहावे लागले.

रावेतचा बंधारा

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना आला. मग एमआयडीसीने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी इथल्या जमिनी घेऊन औद्योगिक क्षेत्र उभे केले. कारखान्यांना पाणी लागणार होते आणि ते पवनेतच होते. रावेतजवळ नदीतून पाणी उचलायचे, शुद्ध करायचे आणि भूखंडापर्यंत पोचवायचे, ही एमआयडीसीची व्यवस्था झाली. तिचा हिशेब सरळ होता. भूखंडाच्या किमतीत आणि पाण्याच्या दरात खर्च धरलेला असे, त्यामुळे योजना स्वतःच्या पायावर उभी राहत असे. शेजारच्या गावठाणात त्याच काळात आड, विहिरी आणि नदी हीच पाण्याची साधने होती. कामगार मात्र राहायला गावठाणातच येत होता.

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर तिचे पहिले अध्यक्ष. चार गावांना एका पालिकेत आणण्यामागे हिशेबाची समज होती. कारखाने ज्या हद्दीत आहेत तिथला कर आणि कामगार ज्या हद्दीत राहतो तिथला खर्च एकाच तिजोरीत आला, तरच पाण्याची योजना उभी राहते. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, मावळातले पवना धरण पूर्ण झाले. सुमारे साडेआठ टीएमसी साठवणीचे हे धरण पिंपरी-चिंचवडच्या वाढीचा खरा पाया आहे. त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला.

धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथे ते उचलून निगडीच्या सेक्टर २३ मधील जलशुद्धीकरण केंद्रात नेतात आणि मग शहरभर वाटतात. वाटेत मावळातली गावे त्याच पात्रातून शेतीसाठी आणि पिण्यासाठी पाणी उचलतात. नदी हीच सगळ्यांची सामाईक जलवाहिनी होती, आणि याच गोष्टीवरून पुढे मोठा संघर्ष झाला.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली. तिच्या हाती जकात होती. कारखान्यात येणारे पोलाद, सुटे भाग, रसायने असा हद्दीत शिरणारा जवळपास प्रत्येक ट्रक जकात नाक्यावर थांबे आणि पालिकेची तिजोरी भरे. १९९९ मध्ये राज्य सरकारने नगरपालिकांची जकात बंद केली, महापालिकांची मात्र चालू ठेवली. आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका, असे पिंपरी-चिंचवडचे नाव लोकांच्या तोंडी बसले ते या जकातीमुळे. एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी. पण तोवर तीन दशकांच्या जकातीतून जलवाहिन्या, टाक्या आणि मैलाशुद्धीकरण केंद्रे उभी राहिली होती. कासारवाडी, चिखली, आकुर्डी, भाटनगर, सांगवी, चऱ्होली, रावेत ही नावे आज शहराच्या सांडपाण्याच्या नकाशावर आहेत. ज्या तिजोरीत उद्योगाचा कर थेट येतो, ती तिजोरी गटार बांधू शकते, हे या शहराने दाखवून दिले.

हद्दवाढ: आधी घरे, शेवटी गटार

शहर वाढले, तशी घरे हद्दीबाहेर गेली. शहरातले घरभाडे न परवडणारा कामगार चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होली, रावेत, किवळे, मामुर्डी, पुनावळे अशा गावांत खोली घेऊन राहू लागला. ही गावे ग्रामपंचायती होती. त्यांच्या नळयोजना गावठाण आणि वाड्यांपुरत्या आखलेल्या, आणि त्यांची पाणीपट्टी मूळ रहिवाशांच्या घरांवर बसवलेली. शेतात अर्धा-एक गुंठ्याचे तुकडे पडले, त्यांवर खोल्या आणि चाळी उभ्या राहिल्या आणि बोअरवेल हेच मुख्य साधन झाले.

११ सप्टेंबर १९९७ रोजी १८ गावे महापालिकेत आली. २००९ मध्ये ताथवडेही आले. गावकऱ्यांच्या मनात दोन्ही भावना होत्या. कर वाढेल, आरक्षणे पडतील, बैलगाडीच्या वाटेवर आराखड्यातला रस्ता येईल, अशी धास्ती होती. त्याचबरोबर पाणी येईल, गटार होईल, ही आशाही होती. पाणी आले, पण ते टप्प्याटप्प्याने आले. घरे बांधून झाल्यावर जलवाहिनी टाकायची म्हणजे अरुंद गल्ली खोदायची, आणि तिच्या मागून गटाराची नळी टाकायची म्हणजे तीच गल्ली पुन्हा खोदायची. पुढच्या काळात या भागात एकच क्रम दिसत राहिला: आधी घरे, मग रस्ता, मग पाणी आणि सर्वांत शेवटी गटार. एक आण्याच्या फंडातलाच हा क्रम होता.

मोशीच्या पुलापलीकडे

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी संपते तिथे इंद्रायणीचा पूल लागतो. पुलाच्या दक्षिणेला महापालिका, उत्तरेला खेड तालुका: चिंबळी, कुरुळी, पुढे नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, चाकण आणि पश्चिमेकडे निघोजे, म्हाळुंगे, खालुंब्रे, सावरदरी, वासुली. कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण १९९० च्या दशकापासून बदलू लागले. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आले, पाठोपाठ महिंद्रा. एमआयडीसीचे एकामागून एक टप्पे पडत गेले.

पिंपरीत १९७० मध्ये जे झाले ते चाकणमध्ये झाले नाही. कारखाने आले आणि गावे ग्रामपंचायतीच राहिली. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या चाळीस हजारांच्या वर होती आणि तरीही तिथे ग्रामपंचायत होती. नगरपरिषद व्हायला २०१५ उजाडले. बाकीची गावे आजही पंचायतीच आहेत.

यामुळे काय फरक पडतो, ते पाण्याच्या मापातच दिसते. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी देशात जे मानक वापरतात, त्यात मलनिःसारण व्यवस्था असलेल्या किंवा होणार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि ती नसलेल्या शहराला ७० लिटर. १५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर. मोशीच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना एकाच कारखान्यात काम करणारे दोन कामगार राहत असतील, तर सरकारी हिशेबात एकाची गरज १३५ लिटर आहे आणि दुसऱ्याची ५५. या मापातच गटाराचा निर्णय दडलेला आहे. १३५ लिटर मिळणाऱ्या माणसासाठी गटार गृहीत धरलेले आहे. ५५ लिटर मिळणाऱ्याचे सांडपाणी शोषखड्ड्यात जिरेल, अशी अपेक्षा आहे.

दुसरा फरक मोजणीचा. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी पंचायतीच्या विषयांत आणले आणि वित्त आयोगाचा पैसा खाली येऊ लागला. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात हा पैसा थेट ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्या आयोगाने पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही वाटा दिला आणि २०२१ पासून ६० टक्के निधी बंधित केला: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. पैसा पाण्यावरच खर्च व्हावा, हा हेतू चांगलाच होता. पण या आयोगांनी अनुदानाच्या वाटपात लोकसंख्येला ९० टक्के वजन दिले आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. चाकण पट्ट्यात २०११ नंतर आलेला माणूस, मग तो मराठवाड्यातला असो, विदर्भातला असो की बिहार-उत्तर प्रदेशातला, त्या आकड्यात नाही. तो खोलीचे भाडे देतो, पाणी वापरतो, त्याचे सांडपाणी गावच्या ओढ्यात जाते, पण त्याच्या नावाने गावाला एक रुपयाही येत नाही.

तिसरा फरक निवडणुकीचा. घटनेप्रमाणे निवडून आलेले सभागृह नसेल तर वित्त आयोगाचे अनुदान मिळत नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि नंतर दीर्घकाळ तिथे प्रशासक राहिला. निवडणूक लांबली म्हणजे लोकप्रतिनिधी गेले, आणि त्यांच्याबरोबर निधीचा वाटाही अडला.

चौथा फरक लोकवर्गणीचा. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात दहा ते चाळीस लाख वस्तीच्या शहरांच्या प्रकल्पांना केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० टक्के आणि शहराचे ३० टक्के असे प्रमाण होते. जकातीवर उभ्या असलेल्या महापालिकेला ३० टक्के भरणे जमले. खेड्यांसाठी २००३ नंतरच्या जलस्वराज्य प्रकल्पात गावाने दहा टक्के वर्गणी काढायची आणि योजना चालवण्याचा सगळा खर्च सोसायचा होता. जलजीवनमध्येही गावातल्या कामाच्या दहा टक्के खर्च गावाने द्यायचा आहे. आदिवासी, डोंगरी आणि दलितबहुल गावांसाठी हे प्रमाण पाच टक्के आहे. लोकसहभागातून आपलेपणा येतो हे खरे. पण योजना चालवणारी ग्रामपंचायत महावितरणचे बिल भरता भरता थकते. थकबाकी वाढली की पंप बंद पडतो आणि टँकर येतो. जलजीवनची मुदत २०२४ होती, ती वाढवून २०२८ करण्यात आली.

पंचायतीला कारखान्यांकडून उत्पन्न नाही, असे नाही. कारखान्याने स्वतंत्र करांऐवजी पंचायतीला ठोक रक्कम द्यावी, अशी तरतूद १९५८ च्या कायद्यात पहिल्यापासून आहे, आणि मालमत्ता कराचे नियम २०१५ मध्ये भांडवली मूल्यावर आणले गेले. कारखाना ज्या महसुली हद्दीत आहे त्या पंचायतीला हे उत्पन्न मिळते. पण कामगार शेजारच्या गावात राहतो आणि तिथली घरपट्टी खोल्यांवर बसते. १९७० मध्ये चार गावे एका तिजोरीत आणण्याने जो प्रश्न सुटला होता, तो चाकणला पंचायतींच्या हद्दींमध्ये विखुरला गेला.

बऊर, ९ ऑगस्ट २०११

शहराकडे पैसा होता, पण पाणी मावळातले होते. पवना धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर लांबीची बंदिस्त जलवाहिनी टाकायची, ही महापालिकेची योजना नेहरू अभियानात मंजूर झाली आणि २००८ मध्ये काम सुरू झाले. नदीतून येताना पाणी वाया जाते, दूषित होते, ते थेट नळातून आणले तर स्वच्छ आणि भरपूर मिळेल, असे शहराचे म्हणणे होते. मावळच्या शेतकऱ्याला त्यात धोका दिसला. धरणात जमीन गेलेलीच होती. आता पात्रात सोडले जाणारे पाणी नळात गेले, तर नदीकाठचे उपसा पंप आणि पिण्याच्या योजना कशावर चालायच्या?

९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, मावळातल्या बऊर गावाजवळ शेतकरी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन आंदोलक मारले गेले, त्यांत एक महिला होती. राज्य हादरले, चौकशी आयोग बसला आणि जलवाहिनीचे काम थांबले. बारा वर्षे ही स्थगिती टिकली आणि २०२३ मध्ये ती उठवली गेली. गेलेले तीन जीव या प्रकल्पाच्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

या घटनेकडे पाणी अडवणारे गाव आणि पाणी मागणारे शहर अशा चष्म्यातून पाहणे अन्यायाचे आहे. प्रकल्पाच्या खर्चात शहराच्या टाक्या होत्या, नळ होते. नदीकाठच्या गावांच्या योजना नव्या व्यवस्थेत कशा चालतील, याचा भरवसा गावकऱ्यांना कोणी दिला नव्हता. पात्रात किमान किती पाणी राहील, गावांच्या नळयोजनांना त्याच जलवाहिनीतून जोड मिळेल का, हे आधी लिहून दिले असते आणि त्याचा खर्च प्रकल्पात धरला असता, तर मावळाने निदान बोलण्याची तयारी दाखवली असती, असे मला वाटते.

शहराची तहान दरम्यान वाढत राहिली. २००१ मध्ये दहा लाखांवर असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये एक दिवसाआड पाणी येऊ लागले. मग शहर दुसऱ्या खोऱ्यांकडे वळले. आंद्रा धरणातून रोज १०० दशलक्ष लिटर आणि भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर पाणी मंजूर झाले. आंद्राचे पाणी इंद्रायणीतून येते आणि ते निघोजेच्या बंधाऱ्यावर उचलून चिखलीच्या केंद्रात शुद्ध करतात. निघोजे हे चाकण पट्ट्यातले पंचायतीचे गाव. तिथून उचललेले पाणी पुलापलीकडे गेल्यावर १३५ लिटरच्या मापाचे होते.

भामा आसखेडचीही कहाणी अशीच. खेड तालुक्यातले हे धरण सिंचनासाठी म्हणून सांगितले गेले, पण त्याच्या पाण्याचा मोठा भाग शहरांकडे वळला. पुणे महापालिकेची भामा आसखेड योजना १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. पुनर्वसनासाठी धरणग्रस्तांनी जलवाहिनीचे काम वारंवार थांबवले. ज्या तालुक्यातले पाणी त्या तालुक्याला आधी, ही मागणी इथे कुणा एका पक्षाची नाही, ती घराघरातली आहे.

ओढ्यातून उजनीकडे

गटाराचा हिशेब मांडू. घरात आलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. पाच हजार वस्तीच्या गावाला ५५ लिटरने रोज पावणेतीन लाख लिटर पाणी दिले, तर दोन लाख वीस हजार लिटर सांडपाणी तयार होते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्यावरच्या गावाला माणशी ६६० रुपये धरले आहेत. जनगणनेत सहा हजार लोक असलेल्या गावाला म्हणजे ३९ लाख ६० हजार रुपये. त्या गावात खोल्यांमध्ये आणखी पंधरा हजार माणसे राहत असतील, तर त्यांच्या सांडपाण्यासाठी त्यात काहीच नाही. शोषखड्ड्यांनी परसातल्या पाण्याचा प्रश्न सुटतो, पण चार मजली चाळींचा सुटत नाही. शिवाय या भागात खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी सहज मुरत नाही, ते वर येते आणि ओढ्याला लागते.

ओढा इंद्रायणीला किंवा भामेला मिळतो. देहू आणि आळंदी याच इंद्रायणीच्या काठावर आहेत, आणि आळंदीच्या घाटावर नदीच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगताना महाराष्ट्राने अनेकदा पाहिला आहे. त्याला महापालिकेतले नाले जबाबदार आहेत, कारखाने जबाबदार आहेत आणि गटाराविना वाढलेली गावेही जबाबदार आहेत. पण गावांना दोष देताना त्यांच्या हातात माणशी किती रुपये दिले होते, हेही सांगावे लागते. इंद्रायणी आणि भामा भीमेला मिळतात. पवना दापोडीला मुळेला मिळते आणि मुळा-मुठेतून तीही भीमेतच जाते. भीमेचे पाणी उजनीत साठते आणि सोलापूर ते पिते. चाकणच्या एका गावात न बांधलेल्या गटाराचा खर्च शेवटी सोलापूरच्या घरात भरला जातो, आजाराच्या आणि पाणी शुद्ध करण्याच्या रूपाने.

आता काय करायचे

गेल्या काही वर्षांत चाकण परिसरासाठी स्वतंत्र महापालिका करण्याची चर्चा सुरू आहे. पिंपरीचा इतिहास सांगतो की एक तिजोरी झाली की पाण्याला आणि गटाराला बळ येते. १९९७ चा अनुभव हेही सांगतो की हद्द वाढवली आणि नळ्या मागून टाकल्या, तर गल्ली दोनदा खोदावी लागते आणि मधल्या वर्षांत नदी मरते. म्हणून महापालिका होवो वा न होवो, काही गोष्टी आजच करता येतात.

पहिली गोष्ट मोजणीची. पट्ट्यातल्या प्रत्येक गावात राहणारा माणूस मोजावा. जनगणनेची वाट पाहायला नको. वीजजोडण्या, शिधापत्रिका, कारखान्यांच्या हजेरीपटावरचे कामगार यांवरून आजचा आकडा काढता येतो आणि राज्याला आपल्या अनुदानात तो धरता येतो. दुसरी, नळयोजनेच्या अंदाजपत्रकात सांडपाण्याचा भाग असल्याशिवाय तांत्रिक मंजुरी देऊ नये. नळ आणि गटार यांचा खड्डा एकदाच खणावा. तिसरी, उद्योगाकडून येणारा कर कारखाना ज्या पंचायतीत आहे तिच्यापुरता न राहता, कामगार राहतात त्या गावांच्या पाण्या-गटारासाठी एका सामाईक निधीत काही प्रमाणात जावा. जिल्हा ग्रामविकास निधीची कल्पना कायद्यात आहेच. या पट्ट्यात तिला खरी ताकद देता येईल, कारण इथे भरणारे सगळेच गरीब नाहीत. चौथी, ज्या गावातून शहरासाठी पाणी उचलले जाते, त्या गावाची योजना त्याच प्रकल्पाच्या खर्चातून आधी पूर्ण व्हावी. बऊरला जे घडले ते पुन्हा घडू नये, अशी खरीच इच्छा असेल तर हा नियम लेखी असला पाहिजे.

यातले काहीही अशक्य नाही. १९७० मध्ये चार ग्रामपंचायतींना एकत्र आणणाऱ्या पिढीकडे आजच्यापेक्षा फारच थोडा पैसा होता. या पट्ट्यात आज पैशाची कमतरता नाही. तो वेशीपाशी थांबतो, कारण गावाच्या हद्दी आणि माणसांची वस्ती यांचा मेळ सरकारी हिशेबात कधी घातलाच गेला नाही. तो मेळ घालणे हे राज्य सरकारचे, जिल्हा परिषदेचे, एमआयडीसीचे आणि महापालिकांचे सामाईक काम आहे, आणि चाकणच्या पुढच्या टप्प्यातला पहिला भूखंड दिला जाण्याआधी ते झाले पाहिजे.